वेड पांघरून पेडगावला, व्हाया रोम

परवा पंधरा ऑगस्टला दुपारी जेवणाच्या टेबलावर, माझ्या देखत, आमच्या इथल्या, रोमच्या घरमालकांनी आपल्या जावयाला सुनावलं, "नोन फारे लिंदियानो." शब्दशः अर्थ काय, तर इंडियन बनू नकोस. जावई गाडीतून कलिंगड आणायला उठत नव्हता, ऐकूच न आल्यासारखा मोबाईलमध्ये तोंड घालून बसला होता, त्यावरून हे. बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की टेबलाला एक खराखुरा इंडियनपण बसलाय. सगळे गप. सिन्योरांनी हातातलं फडकं नवऱ्याच्या खांद्यावर हाणलं आणि मला म्हणाल्या, मांजा, मांजा. (मांजा म्हणजे जेव. इथे आल्यावर पहिले सहा महिने मला प्रत्येक वेळी पतंगच आठवायचा.)

मग सगळ्यांनी मिळून मला समजावून सांगितलं की हा नुसता वाक्प्रचार आहे, कळून न कळल्यासारखं करणाऱ्याला म्हणतात, आणि त्यातला इंडियन म्हणजे तू नव्हेस, तो पिसंवाला, अमेरिकेतला. इटालियनमध्ये दोघांनाही इंदियानोच म्हणतात. मी म्हटलं असू दे, आमच्याकडे पण आहे, वेड पांघरून पेडगावला जाणं. तर आता पेडगाव कुठे आहे ते सांगा. नगर जिल्ह्यात, श्रीगोंद्याजवळ, हे मी इटालियनमध्ये सांगतोय आणि समोर आठ माणसं काटे हातात धरून ऐकतायत, असा तो प्रसंग. घरमालकांचा सात वर्षांचा नातू तेवढ्यात विचारतो, मग तुझ्याकडे घोडा आहे का.

मला राग आला का? थोडा आला. इथे पन्नाशीच्या पुढचा कुणीही भेटला आणि मी भारतातला म्हटलं की पहिला प्रश्न कबीर बेदी. १९७६ साली इथल्या टीव्हीवर तो सांदोकान झाला होता, अख्खा देश वेडा झाला होता म्हणे. सांदोकान भारतीयसुद्धा नाही हो, मलेशियाकडचा समुद्री चाचा, आणि ज्याने तो लिहिला तो साल्गारी व्हेरोनाचा, तिकडे कधी गेलाच नाही. घरात बसून नकाशा बघून वाघ, जंगलं, राजकन्या सगळं लिहून मोकळा. हे लोक न बघितलेल्या देशाच्या गोष्टी इतक्या बिनधास्त कशा सांगतात, हे मला इथे आल्यापासून पडलेलं कोडं आहे. आणि परवाचा विषय खरं तर तोच.

तर, फेर्रागोस्तो. पंधरा ऑगस्ट हा आपला स्वातंत्र्यदिन, इथला मात्र अख्खा देश कुलूप लावून समुद्रावर जातो तो दिवस. आमच्या चेंतोचेल्ले भागात अर्ध्या दुकानांवर सुट्टीमुळे बंद अशी पाटी, भाजीवाला बंद, न्हावी बंद, कोपऱ्यावरचा कॉफीवालासुद्धा बंद. सकाळी वकिलातीत झेंडावंदन करून आलो, जन गण मन म्हणताना नेहमीप्रमाणे घसा दाटला, घरी येऊन बघतो तर फ्रीजमध्ये दही आणि अर्धं लिंबू. रूमवर पंख्याखाली बसून शाळेतलं झेंडावंदन आठवत होतो तेवढ्यात खालून हाक आली. घरमालक तळमजल्यावर राहतात, आयुष्यभर बस चालवली, आता रिटायर. मूळचे नेपल्सचे. सिन्योरा कालाब्रियाच्या. एकटा आहेस, खाली ये, जेवायला. आमंत्रण नव्हे, ऑर्डर.

जेवणात ढोबळी मिरची घातलेलं चिकन. या दिवशी रोममध्ये तेच करतात. पण घरमालकांनी त्याशिवाय स्वतःच्या हाताने लोखंडी कढईभर घेवडा शिजवला होता, टोमॅटो, कांदा, सॉसेज घालून. बाहेर तापमान अडतीस. मी म्हटलं या उन्हात हे कशाला, तर म्हणाले जेवण झाल्यावर सिनेमा बघायचाय, आणि तो सिनेमा याच्याशिवाय बघायचा नसतो. घेवडा बघितला आणि मला कोरेगाव आठवलं, तो आपला ठिपक्याठिपक्यांचा वाघ्या घेवडा असतो ना, त्याचाच हा सख्खा भाऊ. मी वर जाऊन आईने पाठवलेला कांदा-लसूण मसाला घेऊन आलो. मनात म्हटलं आता बघा कोल्हापूर काय असतं. सिन्योरांनी चमचाभर घालून खाल्लं, डोळ्यात पाणी नाही, काही नाही, म्हणाल्या चांगलाय, पण आमच्याकडची मिरची जरा जास्त असते. माझा एक्का तिथेच गेला.

सिनेमा म्हणजे 'लो क्यामावानो त्रिनिता', १९७०चा, टेरेन्स हिल आणि बड स्पेन्सरचा. काऊबॉयचा, पण विनोदी.

आता इथे मला कबुली द्यायची आहे. मी कोल्हापुरात फिल्म सोसायटीच्या खुर्च्या उचलून मोठा झालेला माणूस. इटालियन वेस्टर्न म्हणजे माझ्यासाठी दिग्दर्शक सर्जिओ लिओने, घाम, डोळ्यांचे क्लोजअप, संगीतकार मोरिकोनेची शिट्टी. रोमला नोकरी लागली तेव्हा मित्रांना काय सांगितलं होतं, लिओनेच्या गावात चाललोय. आणि समोर टीव्हीवर एक धुळीने माखलेला हिरो, घोड्याच्या मागे लाकडाची घसरगुंडी बांधून त्यावर आडवा पडून झोपलाय, घोडा त्याला वाळवंटातून ओढत नेतोय. हिरोची एंट्रीच झोपेत! मग खानावळीत उतरून अख्खी कढई घेवडा पावाने पुसून पुसून खातो, पाचेक मिनिटं नुसतं खाणं चाललंय, कॅमेरा हलत नाही, आणि खोलीतली आठही माणसं त्याच्याबरोबर पाव मोडून खातायत. घरमालक प्रत्येक घासाला "आत्ता, आत्ता बघ" म्हणत माझ्या मांडीवर चापट मारतात. मी हसलो नाही. म्हणजे हसू येत होतं, पण मी ते धरून ठेवलं. तोंडाला येईल ते बोलून गेलो, की हे म्हणजे आमच्याकडचं जत्रेतल्या तंबूतलं ढिशुम ढिशुम झालं, लिओनेनंतर हे कुणी बघायचं.

खोली परत गप. एका दुपारी दोनदा.

घरमालक रागावले नाहीत, पण रिमोट घेऊन त्यांनी सिनेमा थांबवला, आणि बस चालवणारा माणूस जसं स्टॉपवर उभ्या प्रवाशाला शांतपणे समजावतो तसं समजवायला लागले. म्हणाले, हा ज्याने काढला तो बार्बोनी, तो आधी कॅमेरामन होता, १९६६चा 'जँगो' त्यानेच शूट केलाय, चिखल आणि शवपेटीवाला. म्हणजे रक्ताचे काऊबॉय कसे करतात हे त्याला तुझ्यापेक्षा जास्त माहीत. १९६४ला लिओनेचा पहिला वेस्टर्न चालला आणि मग पाच-सहा वर्षांत इथे काऊबॉयपटांचा नुसता पूर आला, शेकड्यांनी निघाले, सगळ्यांत तोच सूड, तीच थडगी, तीच हातातोंडाला फासलेली धूळ. लोक कंटाळले. मग याने काय केलं, पिस्तूल ठेवलं पण खिशात, आणि कानाखाली आवाज काढायला सुरुवात केली. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, नेपल्समध्ये तिसऱ्या फेरीच्या थिएटरात, जिथे सिनेमा शहरभर झिजून शेवटी स्वस्त तिकिटाला यायचा, तिथे बघितला. बापाने नेलं होतं. माझा बाप त्या आधी थिएटरात कधी हसलेला मी बघितला नव्हता.

यावर काय बोलणार. मी म्हटलं लावा पुढे.

पुढचं मी प्रामाणिकपणे बघितलं आणि प्रामाणिकपणे सांगतो, अर्धा सिनेमा मला आवडला आणि अर्धा नाही. बड स्पेन्सरचं पात्र घोडेचोर आहे आणि शेरीफ बनून बसलंय, धाकटा भाऊ त्रिनिता, म्हणजे टेरेन्स हिल, येऊन त्याचा शांतपणे चाललेला धंदा बिघडवतो. तो जाड्या बोलत नाही, गुरगुरतो, आणि कुणी जास्तच त्रास दिला की मूठ वळून वरून थेट टाळक्यात, खुंटा ठोकल्यासारखी. रक्त नाही, माणूस नुसता बसतो. आमच्या तालमीतले वस्ताद असेच मारायचे आणि मारल्यावर असेच त्रासिक चेहऱ्याने बघायचे, की बघ, उगाच मला उठायला लावलंस. ते मला लई आवडलं. धाकटा मागे वळून न बघता पाठीमागच्या दोघांना गोळी घालतो तेही भारी. पण मधे सिनेमा रेंगाळतो, शेवटची मारामारी संपता संपत नाही, मेक्सिकन म्हटला की दारुडा, मळका आणि मूर्ख, आणि बायका म्हणजे नदीवर आंघोळ करणाऱ्या दोन पोरी, त्यांना संवाद म्हणाल तर खुदूखुदू. दरी बळकावायला बघणारा मेजर आणि हात न उचलणारी मॉर्मन पंथाची माणसं, एवढीच गोष्ट. मॉर्मनना शेवटी बायबलमध्ये लढायचीसुद्धा वेळ असते असं वचन सापडतं आणि मग तेही हाणायला लागतात, तिथे मात्र मी सगळं विसरून मोठ्याने हसलो. नातवाने लगेच जाहीर केलं, इंदियानो हसला.

पण माझं डोकं खरं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. सिनेमा चालू असताना मी सहज म्हटलं, या जाड्याचा आवाज काय आहे, खर्जातला. घरमालक म्हणाले, तो त्याचा नाहीच. मला वाटलं गंमत करतायत. तर नाही. बड स्पेन्सर, खरं नाव कार्लो पेदेर्सोली, १९२९ला नेपल्सच्या सांता लुचियामध्ये जन्मलेला, इटलीचा चॅम्पियन स्विमर, शंभर मीटर फ्रीस्टाईल एका मिनिटाच्या आत पोहणारा पहिला इटालियन, हेलसिंकी आणि मेलबर्न दोन ऑलिंपिक केलेला माणूस, आणि त्याच्याच देशात, त्याच्याच भाषेच्या सिनेमात त्याचा आवाज दुसऱ्याचा! ग्लाउको ओनोरातो नावाच्या नटाचा. का, तर याच्या बोलण्याला नेपल्सचा हेल होता. दुसरा, टेरेन्स हिल, खरं नाव मारिओ जिरोत्ती, व्हेनिसचा, आई जर्मन, त्यालाही पीनो लोक्की नावाच्या माणसाचा आवाज.

म्हणजे बघा, नावं अमेरिकन करायची, कारण पोस्टरवर इटालियन नाव असलं की इटालियन लोकच तिकीट काढणार नाहीत. पेदेर्सोलीने बडवायझर बिअरवरून बड घेतलं आणि स्पेन्सर ट्रेसीवरून स्पेन्सर. दिग्दर्शक बार्बोनीने स्वतःचं नाव ई. बी. क्लचर लावलं, वाचताना मला आधी गिअरबॉक्सच आठवला. गाव अमेरिकेतलं, ते रोमच्या आजूबाजूला. आणि इतकं सगळं खोटं करून वर माणसाचा स्वतःचा हेलपण काढून घ्यायचा. इथे तशी परदेशी सिनेमा डब करायची सवय मुसोलिनीच्या काळापासूनची, मान्य, पण आपल्याच माणसाला?

तुम्ही म्हणाल यात एवढं काय. मी सांगतो काय ते. मी पुण्यात कॉलेजला होतो तेव्हा पहिल्या वर्षी गॅदरिंगच्या नाटकात माझी निवड झाली, तालमी झाल्या, आणि प्रयोगाच्या चार दिवस आधी दिग्दर्शक म्हणाला की तू उभा राहा, हावभाव कर, तुझी वाक्यं विंगेतून दुसरा म्हणेल, काय आहे, तुझं ते 'व्हय' आणि 'आलतो गेलतो' जरा जातच नाही रे. त्याने हे अगदी प्रेमाने सांगितलं होतं. मी ते केलं. उभा राहिलो, तोंड हलवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईबाबा कोल्हापूरहून आले होते, आई नंतर म्हणाली आवाज किती सुधारलाय तुझा. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, आणि परवा घेवड्याची ताटली मांडीवर घेऊन एका नेपल्सच्या बसड्रायव्हरला सांगून बसलो. ते काही बोलले नाहीत. वाईन ओतली.

मग मी दादा कोंडक्यांवर गेलो. जाणारच की. 'सोंगाड्या' १९७१चा, त्रिनिताचा दुसरा भागही १९७१चाच, आणि तो तर त्या सीझनला इटलीत सगळ्यात जास्त चालला. दोन्हीकडे शहाणी माणसं नाक मुरडत होती आणि दोन्हीकडे बाहेर रांग. मी घरमालकांना म्हटलं, आमच्या दादांनी आवाज उसना घेतला नाही, नाव उसनं घेतलं नाही, अमेरिका उसनी घेतली नाही, लोंबणाऱ्या नाडीची चड्डी घालून मराठीतच बोलले आणि एकामागून एक ज्युबिल्या केल्या, गिनीज बुकात नाव आहे. म्हणाले, मग दाखव. आणि इथे माझी पंचाईत. काय दाखवू? 'सोंगाड्या'मधला नाम्या एक वेळ ठीक आहे, पण नंतरच्या दादांची वाक्यं सिन्योरांना आणि सात वर्षांच्या पोराला भाषांतर करून सांगायची म्हणजे... मी म्हटलं सबटायटल नाहीत. बघा, त्रिनिता असा आहे की आजी आणि नातू शेजारी बसून बघतात, एकालाही खाली बघावं लागत नाही. हा मुद्दा मी त्या वेळी बोललो नाही, इथे लिहितोय. तरी पण आवाजाच्या बाबतीत दादाच पुढे, यावर मी ठाम आहे.

रात्री स्टुटगार्टच्या मावसभावाला फोन केला, तर तो उलटा माझ्यावरच उखडला, की तुला आत्ता कळलं होय. जर्मनीत या दोघांचं वेड इटलीपेक्षा भारी आहे. तिथल्या डबिंगवाल्यांनी मूळ संवाद बाजूला ठेवून आपल्या पदरचे टपोरी विनोद भरले आणि तेच लोकांना पाठ झाले. त्याच्या जवळच श्वेबिश ग्म्युंड नावाचं गाव आहे, तिथे २०११ साली नव्या बोगद्याला नाव काय द्यायचं म्हणून लोकांकडून ऑनलाईन सूचना मागवल्या तर लोकांनी मतं टाकून बड स्पेन्सरला जिंकवलं. कौन्सिल घाबरलं, बोगद्याला त्याचं नाव काही दिलं नाही, शेवटी तडजोड म्हणून गावच्या उघड्या स्विमिंग पूलला त्याचं नाव दिलं, कारण १९५१ला तो तिथे खरंच पोहून गेला होता. बुडापेस्टमध्ये पुतळा आहे, बर्लिनला म्युझियमही निघालं. मी म्हटलं आणि आपल्याकडे? तर म्हणाला आपल्याकडे बोगद्याला नाव द्यायला लोकांना कोण विचारतंय. ते एक राहू दे.

२०१६ला तो गेला तेव्हा अंत्यसंस्कार इथेच झाले, पियाझ्झा देल पोपोलोमधल्या कलाकारांच्या चर्चमध्ये. घरमालक गेले होते. बायकोला दवाखान्यात चाललोय सांगून गेले, हे मला जावयाने सांगितलं. सिन्योरांना बडचं तितकं नाही, त्यांना टेरेन्स हिल, तोही घोड्यावरचा नव्हे तर सायकलवरचा, म्हणजे 'डॉन मात्तेओ' सिरीयलमधला पाद्री, वीसेक वर्षं त्याने टीव्हीवर खून उकलले. तो सोडून गेला आणि नवा हिरो आला तेव्हापासून त्या ती सिरीयल बघत नाहीत. म्हणजे बघतात, पण बघत नाही म्हणून सांगतात.

पुढच्या रविवारी घरमालक मला गाडीत घालून मोंते जेलातोच्या धबधब्यावर घेऊन गेले. रोमच्या उत्तरेला, मात्सानो रोमानोजवळ, ट्रेया नदीवर. सिनेमातल्या त्या दोन पोरींची आंघोळ इथलीच. अमेरिका, आमच्या घरापासून तासभर. कूलबॉक्स घेऊन आलेली कुटुंबं, पाण्यात डुंबणारी पोरं, आणि धबधबा म्हणाल तर पुरुषभर उंची, फार तर थोडी जास्त. घरमालक एका दगडावर उभे राहून मला दाखवत होते, इथे घोडा होता, इथे तो पाण्यात पडला. मला हसू येत होतं की यांनी याच्या जिवावर अमेरिका उभी केली. मी त्यांना राधानगरीचा राऊतवाडीचा धबधबा सांगितला आणि उंची थोडी वाढवून सांगितली. किती वाढवली ते लिहीत नाही, कोल्हापूरचे लोक वाचतात इथे.

तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. धबधबा दाखवला, सिनेमाचं सांगितलं, मला वाटलं त्यांना समजवायला वेळ लागेल. तर बाबा चष्मा वर करून म्हणतात, "तो जाड्या व्हय? टाळक्यात घालतो त्यो? आम्ही बघितलाय की. इंजिनिअरिंगला असताना, मॅटिनीला. तीन वेळा बघितला." माझ्या फिल्म सोसायटीच्या बापाला हे माहीत होतं आणि तीस वर्षांत एकदाही बोलले नाहीत! मी म्हटलं बाबा, तो इथला, इटालियन, नेपल्सचा. बाबा म्हणाले, "हॅट. अमेरिकन होता तो. इंग्लिश बोलत होता चांगला." मी म्हटलं अहो तो आवाज त्याचा नव्हता. म्हणाले, "आवाज त्याचा नव्हता तर मग कुणाचा, तुझा? मला शिकवू नकोस." आणि आईला फोन दिला.

घरमालक शेजारीच उभे होते, मराठी कळत नसलं तरी बड स्पेन्सर एवढं कळलं होतं. काय म्हणतात वडील, म्हणून विचारलं. मी भाषांतर करून सांगितलं. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. ओल्या पायांनी दगडावरून खाली उतरले आणि बोट माझ्या छातीवर टेकवून म्हणाले, परत फोन कर आणि सांग त्यांना. सांता लुचिया. रस्त्याचं नाव पाहिजे असेल तर तेही मी काढून देतो.

मी अजून फोन केलेला नाही. जिन्यात भेटले की रोज विचारतात, केलास का. मी ऐकू न आल्यासारखं करतो.